तितिक्षा आणि सात्म्य

दिल्लीच्या दक्षिण भागात, आयएनए मार्केट आणि सरोजिनीनगर यांच्या दरम्यान, लक्ष्मीबाई नगर या नावाची केंद्र सरकारच्या नोकरवर्गाची जुनी वसाहत आहे. शेजारच्या वसाहतींना सरोजिनी नायडू, नेताजी, दादाभाई नौरोजी, रफी अहमद किडवई यांची नावे दिलेली असून, या साऱ्या परिसराला विनयनगर म्हणून ओळखणारे वृद्ध अजूनही क्वचित भेटतात. हिंदुस्थानच्या प्रत्येक प्रांतातून बदलीचा हुकूम हाती घेऊन आलेली माणसे येथे येतात, क्वार्टरचा ताबा घेतात, दरमहा पगारातून परवाना-शुल्क कापून देतात आणि नोकरीची मुदत सरली की किल्ल्या परत करून निघून जातात. येथील एकाही भिंतीवर, एकाही झाडावर राहणाऱ्याची मालकी नसते. आणि तरीही माणसाच्या आयुष्याची उमेदीची वीस-पंचवीस वर्षे याच भिंतींच्या आत जातात, मुले येथेच वाढतात, आईबापांचे अखेरचे दिवसही पुष्कळदा येथेच सरतात.

अशा वस्तीला झाशीच्या राणीचे नाव मिळावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटत आले आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म काशीचा, बालपण ब्रह्मावर्ताचे, संसार आणि राज्य झाशीचे, आणि 1858 च्या जूनमध्ये देह पडला तो ग्वाल्हेरीस. नेवाळकरांचे घराणे मूळचे कोकणातले, माहेरचे तांबेही दक्षिणी. परंतु या बाईचे जन्मापासून मरणापर्यंतचे सारे आयुष्य नर्मदेच्या उत्तरेसच व्यतीत झाले. ज्या झाशीसाठी तिने प्राण वेचले ती तिची जन्मभूमी नव्हती, पूर्वजांची तर नव्हतीच नव्हती. याच झाशीच्या वेढ्यात पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसेही सापडले होते. कर्ज फेडण्यापुरते द्रव्य दक्षिणेच्या रूपाने मिळवावे, तीर्थे करावी आणि परत फिरावे, असा साधा हिशेब मनाशी धरून ते 1857 साली उत्तरेस निघाले होते, आणि नाना प्रकारची संकटे भोगून अखेर गंगेची कावड घेऊन वरसईस परतले. त्यांनी 1883 मध्ये लिहिलेला आणि 1907 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘माझा प्रवास’ हा मराठी वाङ्मयाचा ठेवा आहे, आणि भटजींच्या प्रामाणिकपणाविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु एकाच तटाच्या आत, एकाच तोफखान्याच्या माऱ्याखाली, एक मराठी मनुष्य परमुलखात आहे आणि एक मराठी स्त्री आपल्या मुलखात आहे, हे दृश्य विचार करावयास लावणारे आहे. दोघांनी सोसलेला उन्हाळा एकच होता.

परमुलखात सुखी कसे व्हावे, हा प्रश्न बहुधा हवामानाच्या तक्रारीचा वेष घेऊन पुढे येतो. कोकणातून, पुण्याहून किंवा कोल्हापुराकडून दिल्लीस आलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन वर्षांत येथील ऋतूंचा जो धक्का बसतो तो काल्पनिक नसतो. लक्ष्मीबाई नगराच्या लगत सफदरजंगची वेधशाळा आहे, आणि आकाशवाणी ज्याला दिल्लीचे तापमान म्हणून सांगते ते येथलेच असते. त्यामुळे थंडी-उन्हाचे जे आकडे देश बातम्यांत ऐकतो ते या वसाहतीच्या अंगणातलेच म्हणावयास हरकत नाही. या वेधशाळेच्या दप्तरी 29 मे 1944 या दिवशी 47.2 अंश उष्णतेची आणि 16 जानेवारी 1935 या दिवशी शून्याच्या खाली 0.6 अंश थंडीची नोंद आहे. ज्याने मुंबईच्या समशीतोष्ण दमट हवेत वर्षाचे बारा महिने एकाच पांघरुणावर काढले, त्याला एकाच मुलखात ही दोन टोके सामावतात हेच प्रथम खरे वाटत नाही. मुंबईत सरासरी 11 जूनच्या सुमारास पाऊस पोचतो, दिल्लीत तो 27 जूनच्या सुमारास येतो. मधले ते पंधरा दिवस, घरून आलेल्या पत्रात वा दूरध्वनीवर पावसाचे वर्णन ऐकावयाचे आणि खिडकीबाहेर पाहावे तर लू वाहत असावी, मध्येच काळीपिवळी आंधी उठून भांड्याकुंड्यांवर धुळीचा थर द्यावा, हे दिल्लीतील मराठी कुटुंबांच्या पिढ्यांपिढ्यांनी अनुभवलेले दुःख आहे.

हिवाळ्याची कथा निराळी. खोबरेल तेल बाटलीत गोठते, दही विरजत नाही, इडलीचे पीठ दोन दिवस झाले तरी फुगत नाही, आणि कार्तिकात जिचे लग्न थाटाने लावले ती वृंदावनातील तुळस पौष उजाडेपर्यंत थंडीने काळवंडून जाते. नव्याने आलेल्या गृहिणीला यातील तुळशीचे दुःख सर्वांत अधिक होते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. कारण दही न लागणे ही गैरसोय असते, पण दारची तुळस जाणे हा तिला अपशकुन वाटतो, आणि आपण जेथे आलो ती भूमीच आपल्या देवधर्माला प्रतिकूल आहे की काय, अशी एक न बोललेली शंका तिच्या मनात घर करते.

या ठिकाणी सुशिक्षित मराठी मनुष्य स्वाभाविकपणे गीतेकडे वळतो. दुसऱ्या अध्यायातील चौदाव्या श्लोकात भगवंतांनी अर्जुनाला सांगितले आहे की, इंद्रियांचा विषयांशी संयोग झाला म्हणजे शीत आणि उष्ण, सुख आणि दुःख उत्पन्न होतात. ते येणारे-जाणारे आहेत, अनित्य आहेत. यास्तव ते तू सहन कर. या सहन करण्याला आपल्या शास्त्रांत तितिक्षा हे नाव असून, शंकराचार्यांच्या नावे असलेल्या विवेकचूडामणीत तिचे जे लक्षण केले आहे ते फार कठोर आहे: कोणताही प्रतिकार न करता, चिंता न करता आणि विलाप न करता सर्व दुःखे सोसणे ही तितिक्षा. दिल्लीच्या उन्हाळ्यात हा उपदेश किती आधार देतो हे मी नाकारणार नाही. ‘आले तसे जाईल’ एवढे वाक्य मनाशी घोकून ज्यांनी येथले अनेक जेठ-वैशाख काढले असे सत्त्वशील लोक मी पाहिले आहेत.

तथापि, हे लक्षण जसेच्या तसे गृहस्थाला लागू करू गेले की दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अडचण उघड आहे. लक्षणात ‘प्रतिकार न करता’ असे म्हटले आहे. मग ज्याने खिडकीला वाळ्याची ताटी लावली, गच्चीवर पाणी मारले, रजईत नवा कापूस भरला, त्याची तितिक्षा भंगली काय? संन्याशाच्या साधनेसाठी सांगितलेला नियम घरातील तान्ह्या मुलाला आणि सत्तर वर्षांच्या सासूला लावणे हा धर्म नव्हे, हे कोणीही मान्य करील. दुसरी अडचण मात्र सूक्ष्म आहे, आणि परमुलखातील मराठी माणसाचे खरे दुःख मला तिच्यातच दिसते. शीतोष्ण अनित्य आहे म्हणून ते सोस, असे शास्त्र सांगते. आपण तेवढ्यावर न थांबता, ज्या मुलखात ते शीतोष्ण आहे तो मुलूखच अनित्य ठरवून टाकतो. ‘दिल्ली काय, निवृत्तीपर्यंतची’ असे म्हणत मनुष्य येथले सगळे वास्तव्य एखाद्या जंक्शनवरील प्रतीक्षालयात बसल्यासारखे काढतो. सामान अर्धे बांधलेले, दाराकडे लक्ष, बाकावरच्या शेजाऱ्याशी ओळख वाढविण्याची इच्छा नाही. उन्हाळा त्याने सोसलेला असतो, यात शंका नाही. परंतु त्या सोसण्यात शांती नसते, एक दीर्घ रुसवा असतो. असा मनुष्य निवृत्त होऊन पुण्यास किंवा नाशकास परततो तेव्हा तेथले गाव बदललेले असते, ओळखीचे लोक गेलेले असतात, आणि मग त्याच्या बोलण्यात दिल्लीच्या हिवाळ्यातील गाजरांची आणि कोवळ्या उन्हाची आठवण येऊ लागते. ज्या वर्षांत ते सुख समोर होते त्या वर्षांत त्याने ते घेतलेच नाही, यापरते नुकसान कोणते?

गीतेतील तो श्लोक कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितला आहे हे विसरल्यामुळे हा घोटाळा होतो, असे माझे मत आहे. अर्जुन समोरचे कर्म टाकून निघून जाण्याच्या तयारीत होता. शीतोष्ण सोस, हे त्याला सांगितले ते जेथे तो उभा होता तेथे पाय रोवून काम करावे म्हणून. तितिक्षा ही त्या ठिकाणी कर्माची पूर्वतयारी आहे. ती प्रतीक्षेचे समर्थन खास नाही.

लोकमान्य टिळकांनी ही गोष्ट आपल्या देहावर सिद्ध करून दाखविली. 1908 साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात त्यांची रवानगी करण्यात आली. वयाची पन्नाशी उलटलेली, शरीरात मधुमेह, आणि खोली लाकडी गजांची, चारी बाजूंनी उघडी. पुढे 1925 ते 1927 या काळात सुभाषबाबूंना त्याच तुरुंगात ठेवण्यात आले, तेव्हा त्यांनी टिळकांच्या त्या जागेविषयी लिहून ठेवले आहे की, ऊन, थंडी, पाऊस आणि धूळ यांपैकी कशापासूनही तिच्यात संरक्षण नव्हते. लक्ष्मीबाई नगरातून थोडे चालत गेले की जे नेताजीनगर लागते त्याचे नाव ऐकले की मला अनेकदा मंडालेचा तो तुरुंग आठवतो, ज्यातून हे दोन पुरुष एकामागून एक गेले. तेथल्या आपल्या खोलीत टिळकांनी 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले. ग्रंथ 1915 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील पाचव्या प्रकरणाचे नावच ‘सुखदुःखविवेक’ असे आहे, आणि सुख म्हणजे काय याची पौर्वात्य व पाश्चात्त्य मतांच्या आधारे इतकी बारकाईने केलेली चिकित्सा, जिच्या लेखकाला त्या दिवसांत देहसुख नावाची वस्तू जवळजवळ उपलब्ध नव्हती, वाचताना मन भरून येते. संतोषाच्या नावाखाली निष्क्रियतेला त्यांनी थारा दिला नाही, हे त्या प्रकरणाचे मला विशेष वाटते. सहा वर्षे संपण्याची वाट पाहणारा कैदी, आणि सहा वर्षांचे काम हाती असलेला कैदी, हे दोघेही तोच उष्मा सोसतात. दुसऱ्याच्या सोसण्याला मी तितिक्षा म्हणेन.

परंतु टिळकांचा दाखला सर्वांना कसा लागू करावा? ते असामान्य होते, आणि शिवाय तुरुंगात होते; मंडालेशी जवळीक करण्याचे त्यांना कारणही नव्हते आणि मुभाही नव्हती. सामान्य प्रापंचिक मनुष्याला, जो आपल्या इच्छेने वा पोटासाठी दूर गेला आहे, त्याला केवळ सोसण्याचा मार्ग पुरा पडत नाही. त्याच्यासाठी आपल्या परंपरेत दुसरा एक विचार आहे, आणि तो मोक्षशास्त्रात नसून वैद्यकात आहे. हा विचार म्हणजे सात्म्य.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्येबरोबरच हे सांगितले आहे की, जे सतत सेवनाने शरीराला मानवते ते सात्म्य. आणि ज्या देशात मनुष्य राहतो त्या देशाच्या गुणांच्या विरुद्ध गुणांचा आहारविहार त्याला हितकर होतो. आयुर्वेदाने देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे भेद केले आहेत. आपले कोकण आनूपाचे उत्तम उदाहरण. पाणी विपुल, हवा दमट. दिल्लीचा मुलूख बव्हंशी जांगलाकडे झुकणारा. वारा कोरडा, पाऊस वर्षाकाठी आठशे मिलिमीटरही नाही. एका देशातून दुसऱ्यात गेलेल्या माणसाने जुनी सवय एकदम टाकू नये, नवी एकदम धरू नये, चतुर्थांशाने जुने सोडावे आणि चतुर्थांशाने नवे घ्यावे, अशी पद्धत प्राचीन वैद्यांनी घालून दिलेली आहे. वाग्भटाने तर संपणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी मानली आणि या पंधरवड्यात क्रमाक्रमाने चर्या बदलण्यास सांगितले. हे वाचताना मला नेहमी असे वाटते की, यात शरीराच्या निमित्ताने मनाचेच एक गहन तत्त्व सांगितले आहे. तितिक्षेत मी आणि बाहेरचा ऋतू वेगळे राहतो. तो येतो, मी सोसतो, तो जातो. सात्म्यात तो ऋतू हळूहळू माझ्या रक्तात उतरतो, आणि काही काळाने माझ्या सुखाच्या कल्पनेतच त्याला जागा मिळते.

हे कसे घडते याचे शिक्षण येथे शेजारघरी मिळते. जेथे जे पिकते ते त्या ऋतूत खावे, हे शास्त्र लक्ष्मीबाई नगरातील भाजीच्या हातगाडीवर लिहिलेले आहे. वैशाखात बेलाचे सरबत आणि फालसे, हिवाळ्यात बथुआ, मेथी, मोहरीची भाजी, लाल गाजरे. जानेवारीत दुपारी बाराच्या उन्हात पाठ करून बसणे आणि भुईमुगाच्या शेंगा सोलत तासभर गप्पा मारणे. आमच्याकडे उन्हात बसणे हे आळसाचे लक्षण समजले जाते. येथे ते हिवाळ्याचे नित्यकर्म आहे, आणि ज्याने ते स्वीकारले त्याला दिल्लीचा माघ कधी संपू नये असे वाटू लागते. तुळशीचेही तसेच. शेजारच्या पंजाबी किंवा बिहारी आजी कार्तिक संपताच तुळशीवर लाल ओढणी घालतात, मंजिऱ्या काढून कागदात जपून ठेवतात आणि ऊन चढू लागले की पुन्हा पेरतात. तुळस गेली म्हणून त्या हळहळत नाहीत. तिने दरवर्षी जावे आणि फिरून यावे हाच येथला क्रम आहे, हे त्यांना ठाऊक असते. हे समजल्यावर अपशकुनाची शंका उरत नाही.

त्याहून आश्चर्याची गोष्ट ही की, आपले काही संस्कार येथे आल्यावर अधिक सार्थ होतात. मुंबईच्या जानेवारीत तिळगूळ हा एक गोड रिवाज आहे. लोहडीच्या दुसऱ्या दिवशी, धुक्यात सूर्य दिसत नसताना, दिल्लीत तीळ आणि गूळ यांची देहालाच गरज असते. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा पाला हवा, तर या जुन्या सरकारी वसाहतींतून कडुनिंबाला तोटा नाही आणि चैत्रात त्याला तांबूस कोवळी पालवी येते. मे महिन्यात कुरडया-पापड घालावेत तर कोरड्या उन्हाने त्या एका दिवसात खडखडीत वाळतात. सासरी कोकणात ज्या कामाला चार दिवस आणि पावसाची धास्ती लागे ते येथे निर्धास्तपणे होते.

पंचांगाचा प्रश्न मात्र केवळ सोयीचा नाही, तो धर्माचा आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेचा पौर्णिमेला. त्यामुळे आमचा आषाढ वद्य पक्ष चालू असताना शेजारी श्रावण सुरू झालेला असतो, कावडीये हरिद्वाराहून गंगाजल घेऊन निघालेले असतात, आणि शेजारीण पहिल्या श्रावणी सोमवारचा उपास करते तेव्हा मराठी गृहिणीला अजून आपल्या श्रावणाची पंधरा दिवस वाट पाहावयाची असते. कृष्णजन्माची अष्टमी आमच्या लेखी श्रावणातली, त्यांच्या लेखी भाद्रपदातली. रात्र एकच, चंद्र एकच. शुक्ल पक्षात दोघांचे महिने पुन्हा जुळतात. नव्याने आलेली माणसे यावरून हटकून वाद घालतात. मला मात्र वर्षातला निम्मा काळ दोन नावांनी आणि निम्मा एकाच नावाने जगण्याची ही रीत परमुलखातील मनाच्या स्थितीला अत्यंत अनुरूप वाटते, आणि तिच्यात कोणाचीही हार नाही.

याच संदर्भात संकल्पाकडे पाहावे. कोणतीही पूजा करण्यापूर्वी आपण देशकालाचा उच्चार करतो. कोणत्या द्वीपात, कोणत्या खंडात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरी, कोणत्या संवत्सरात, कोणत्या तिथीला मी बसलो आहे हे देवापुढे सांगितल्याखेरीज कर्माला आरंभ होत नाही. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या दंडकारण्य आणि गोदावरीचे तीर यांचा उच्चार होत आला. दिल्लीतील पुष्कळ घरांत सवयीने तोच उच्चार अजून चालतो, आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. मला ते वावगे वाटते. संकल्प हे आपल्या धर्मातील अत्यंत प्रामाणिक वचन आहे: मी येथे आहे, आता आहे, आणि जे करतो ते येथे बसून करतो. यमुनेच्या पश्चिम तीरावर बसून गोदावरीचे नाव घेणे म्हणजे देवापुढे आपला ठावठिकाणा चुकीचा सांगणे होय. ज्या पुरोहितांनी येथे इंद्रप्रस्थाचा आणि यमुनेचा उच्चार रूढ केला त्यांनी आपल्या यजमानांवर फार मोठा उपकार केला आहे, मग त्या यजमानांच्या तो लक्षात आला असो वा नसो. परंपरा सांगते की नामदेवांनी आयुष्याचा फार मोठा काळ पंजाबात, घुमान येथे घालविला. त्यांची 61 पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत, आणि ती त्या मुलखातल्या लोकांना कळेल अशा भाषेत आहेत. पंढरीचा विठ्ठल त्यांनी सोडला असे कोणीही वारकरी म्हणणार नाही.

सात्म्याला मर्यादा आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे, नाही तर हा विचार निष्ठुर होईल. 1883 साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियास गेल्या. निघण्यापूर्वी बंगालातील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे त्यांनी जाहीर केले होते. तेथल्या हिवाळ्यात नऊवारी लुगडे पुरेना, तेव्हा पोटऱ्या झाकणाऱ्या गुजराती पद्धतीने त्या लुगडे नेसू लागल्या. या एका गोष्टीवर मागे घरी किती चर्चा झाली असेल याची कल्पना करता येते. परंतु वचन त्यांनी वेषाशी बांधलेले नव्हते, आणि ते मोडलेही नाही. आहार मात्र त्यांनी शाकाहारीच ठेवला, अभ्यास अमानुष केला, 1886 मध्ये पदवी मिळविली, आणि क्षयाने पोखरलेला देह घेऊन त्या परतल्या. 1887 च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याच्या आतच त्यांचा अंत झाला. त्यांनी आणखी काही बदलावयास हवे होते, अशी फुकाची शहाणपणाची भाषा मी करणार नाही. चतुर्थांशाने जुने सोडण्याला आणि नवे धरण्याला अवधी लागतो. तो अवधी त्यांना मिळाला नाही. परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींना ‘सवय होईल’ असे म्हणताना ही एक मुलगी आपल्या डोळ्यांपुढे असली पाहिजे.

दुसरी मर्यादा दिल्लीने गेल्या काही दशकांत स्वतःच निर्माण केली आहे. आश्विन सरून कार्तिक लागला की वाऱ्याचा वेग मंदावतो, थंड हवा जमिनीलगत बसते, आणि वाहनांचा, कारखान्यांचा, बांधकामांचा, शेतात जाळलेल्या पेंढ्याचा धूर या शहरावर आठवडेच्या आठवडे तरंगत राहतो. शरदाचे जे निरभ्र आकाश कोजागिरीला मसाल्याच्या दुधात पाहावे ते त्यानंतर पंधरा दिवसांत राखाडी होते. याला शीतोष्णाच्या पंगतीत बसवून ‘सोस’ म्हणणारा मनुष्य गीतेचा विपर्यास करतो. उन्हाळा ऋताने येतो, सृष्टीच्या नियमाने येतो. त्याच्याशी मैत्री करावी. धूर मनुष्याच्या कर्माने येतो. त्याच्या बाबतीत प्रतिकार न करणे हे तितिक्षेचे लक्षण नसून कर्तव्याची च्युती आहे, आणि विषाचे सात्म्य होऊ देणे हा तर स्वतःच्या लेकरांशी केलेला द्रोह आहे. महेशचंद्र मेहतांनी 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जावर 1998 मध्ये जो हुकूम झाला त्यामुळे दिल्लीच्या सार्वजनिक बसगाड्या डिझेल सोडून नैसर्गिक वायूवर चालू लागल्या. म्हणजे प्रतिकार केला तर फळ येते, हे याच शहरात सिद्ध झालेले आहे.

आणि येथे ज्या दोन प्रकारच्या रहिवाशांची तुलना मी आरंभापासून करीत आलो त्यांच्यातील भेद उघड होतो. जो मुदत मोजीत बसला आहे तो हवा शुद्ध करणारे यंत्र विकत आणतो, खिडक्या बंद करतो आणि निवृत्तीची तारीख पाहतो. त्याला दोष देता येत नाही. हे शहर त्याचे नाही. ज्याच्या रक्तात या मुलखाचे ऋतू उतरले आहेत त्याला मात्र हा बिघाड स्वतःच्या घरातला वाटतो. 2018 च्या जूनमध्ये सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर या लक्ष्मीबाई नगराच्या परिसरातील वसाहती पाडून नव्या उंच इमारती बांधण्यासाठी हजारो झाडे तोडावयाची ठरली, तेव्हा ऐन उन्हाळ्यात सामान्य नागरिक सरोजिनीनगरात जमले आणि त्यांनी खोडांना कवटाळले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तोड थांबविण्यात आली. पुढे आराखडे बदलून बांधकामे झाली, काही झाडे वाचली, सगळी वाचली नाहीत. त्या गर्दीत जसे दिल्लीचे पिढीजात रहिवासी होते तसेच या क्वार्टरांतून वाढलेले, कोणी केरळचे, कोणी बंगालचे, कोणी आपल्याकडचे असे लोकही होते. त्या झाडांवर त्यांचा कसलाही दस्तऐवजी हक्क नव्हता, आणि त्यांपैकी कित्येकांच्या घरच्यांना दोन-चार वर्षांत किल्ल्या परत करावयाच्या होत्या.